तीस लाखांचा तास

आमच्या खुलताबादेत पूर्वी पगार विचारायची रीत सरळ होती. "महिन्याला किती पडतात?" असं विचारलं की समोरचा एक आकडा सांगायचा, आणि तो आकडा म्हणजे खरोखर त्याच्या खिशातून घरी आलेले पैसे असायचे. आता तोच प्रश्न कुणा तरुण पोराला विचारा. उत्तर महिन्याचं येत नाही, वर्षाचं येतं. हजारांत येत नाही, लाखांत येतं. "तीसचं पॅकेज आहे." माझा भाचा पुण्यात हिंजवडीला संगणकाच्या कंपनीत आहे. त्याचं हे तीसचं पॅकेज झालं, तेव्हा बातमी नगारखान्याच्या वेशीपासून भद्रा मारुतीच्या नारळवाल्यांपर्यंत एका दिवसात पोचली. त्या तीसमधले हातात किती येतात, हे मात्र कुणी विचारलं नाही. खरं सांगायचं तर आरंभी त्यालाही ते नीटसं ठाऊक नव्हतं.

वर्षाच्या बोलीवर पगार ठरणं आम्हाला नवं नाही. सालगडी तसाच राहायचा. गुढीपाडवा आला की ओट्यावर बैठक बसे. मालक, गडी आणि दोन्हींकडची दोन शहाणी माणसं. साल ठरायचं: रोख इतके, ज्वारी इतके मण, अंगावरच्या कपड्यांचा एक जोड, वहाणा, थंडीला घोंगडी, सणाला जेवण. त्यातलीच थोडी रक्कम उचल म्हणून पाडव्यालाच हातात पडे. मग पुढच्या पाडव्यापर्यंत बारा महिने मालकाची बैलं आणि गड्याचा जीव एकाच दावणीला. जितके दिवस कामावर आला नाही तितके खाडे. ते साल संपल्यावर भरून द्यायचे किंवा पैशातून कापून घ्यायचे. आजच्या नेमणूकपत्रातल्या झाडून साऱ्या बाबी त्यात होत्या. मूळ वेतन होतं, वस्तुरूप भत्ता होता, बिनपगारी रजा होती, नोकरीत रुजू होतानाचा बोनसही होता. फक्त एक गोष्ट नव्हती. तासांचा हिशेब. तांबडं फुटायच्या आत वैरण आणि दिवस मावळल्यावर धारा, यांच्यामधलं सगळं सालात धरलेलं. गड्याची बायको गोठा झाडायची, शेण काढायची, तेही सालातच. तिचा वेगळा आकडा कुणी मांडला नाही.

म्हणून जुन्या काळाकडे पाहताना मी जरा जपून पाहतो. उचल फिटत नाही म्हणून एकाच घरी पाच-पाच सालं काढलेली माणसं मी पाहिली आहेत. तरी एक मान्य करावं लागतं. त्या गड्याला आपला पगार तोंडपाठ होता. ज्वारी मोजताना तो समोर उभा असे, आणि खाड्यांवरून वाद झाला तर ज्याने खाडे लावले त्याच्या तोंडावर भांडता येत असे.

आजोबांच्या पिढीला आणखी एक गणित करावं लागायचं. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आमचा मुलूख निजामाच्या राज्यात. इथला रुपया हाली, तर पलीकडच्या इंग्रजी मुलखातला कलदार. सात हाली म्हणजे सहा कलदार. त्यामुळे हैद्राबाद सरकारचा सत्तर रुपये तनखा घेणारा कारकून मनमाडपलीकडच्या पाहुण्यांत साठ रुपयांचा व्हायचा. लग्नाच्या बोलणीत "हाली की कलदार?" हे आधी विचारून घेत. आकडा ऐकून लगेच हुरळून जायचं नाही, तो कुठल्या नाण्यात आहे ते पाहायचं, ही सवय त्या पिढीच्या अंगवळणी पडली होती. पुढे पन्नाशीच्या दशकात हाली नाणं गेलं, आणि त्याबरोबर ती सवयही गेली.

माझे वडील प्राथमिक शिक्षक. सत्तरीच्या दशकात त्यांचा पगार तीन आकडी होता. पगाराच्या दिवशी पत्रकावर महसुली तिकीट चिकटवून त्यावर आडवी सही करायची आणि नोटा मोजून घ्यायच्या. कपाती दोन-तीनच. भविष्य निर्वाह निधी आणि शिक्षकांच्या पतसंस्थेचा हप्ता. त्या कपातींची बेरीज आईलाही पाठ होती, कारण पतसंस्थेचं कर्ज तिच्याच डोळ्यांदेखत काढलेलं असायचं. नोटा आधी देवापुढे, मग किराण्याची उधारी, दूध, घरभाडं, आणि उरलेल्यांतून गावाकडे मनीऑर्डर. शाळा साडेदहा ते पाच. त्यांच्या नोकरीतही फुकटचे तास होते. खानेसुमारी, निवडणूक, पटनोंदणीसाठी दारोदार फिरणं. पण संध्याकाळी ते परसात मिरच्यांना पाणी घालत असत, आणि त्या वेळी हेडमास्तर त्यांना हाक मारू शकत नव्हते. हाक मारायला साधनच नव्हतं.

आयकर हा शब्द आमच्या घरात कुणी उच्चारल्याचं मला आठवत नाही. तो मुंबईच्या शेठजींचा आजार. आणि आजार होताही जबर. १९७३-७४ मध्ये वर्षाला दोन लाखांच्या वर मिळवणाऱ्याला त्या वरच्या रकमेवर अधिभारासह ९७.७५ टक्के कर होता. म्हणजे वरच्या शंभर रुपयांतले सव्वादोन त्याचे, बाकीचे सरकारचे. आज आयकराचा सर्वात वरचा टप्पा ३० टक्क्यांचा आहे. पन्नास लाखांच्या वर मिळवणाऱ्यांना अधिभार निराळा. दर इतका खाली आला, पण तो भरणारे आता आमच्या गल्लीतही निघतात. स्मरणरंजनाच्या नादात हा बदल विसरून चालणार नाही. मास्तराच्या नातवाने वरच्या टप्प्याचा कर भरावा, ही तक्रार करण्याआधी जरा मिरवण्यासारखीही गोष्ट आहे.

मजुरी मोजायची तिसरी तऱ्हा मी १९७२ च्या दुष्काळात पाहिली. विहिरी आटलेल्या, जनावरं दावणीवरून सुटलेली, आणि रस्त्याकडेला खडी फोडायला बसलेली माणसं. त्यांत जमीनवाले शेतकरीही होते. लाल मिलोच्या भाकरी आणि सुकडी त्याच दिवसांतली. तिथे तासांना किंमत नव्हती, दिवसालाही नव्हती. लाकडी चौकटीने ढीग मोजला जायचा आणि जेवढी खडी तेवढे पैसे. उन्हाने भोवळ आली तर पैसे कमी. पण एक नवल होतं. बाईने फोडली काय आणि बाप्याने फोडली काय, ढिगाला दर एकच. शेतातल्या रोजात बाईचा हात नेहमी स्वस्त धरला गेला, खडीने तो भेद केला नाही. हजेरीपट मुकादमाच्या काखेत आणि पगाराचा दिवस आठवड्याने, कधी दोन आठवड्यांनी.

वि. स. पागे यांच्या कल्पनेतून आलेली रोजगार हमी त्या दुष्काळात राज्यभर पसरली. पुढे १९७७ चा अधिनियम झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो लागू झाला. या योजनेला पैसा हवा म्हणून राज्य सरकारने १९७५ मध्ये व्यवसाय कर आणला. शहरात पगार घेणाऱ्याने थोडं द्यायचं आणि त्यातून गावात खडी फोडणाऱ्याची मजुरी निघायची. भाच्याच्या पगारपत्रकात एका ओळीत 'व्यवसाय कर २००' असं छापून येतं, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. "हे काय असतं मामा?" असं त्याने विचारलं, तेव्हा त्याला म्हटलं, तुझी आजी ज्या रस्त्यावर खडी फोडायला बसली होती त्या रस्त्याची ही वर्गणी. त्याने त्या दिवसापासून त्या ओळीबद्दल कुरकूर केलेली नाही.

तासाला भाव असतो, हे आमच्या गावाला कळलं ते वाळूजमुळे. १९८५ च्या सुमारास बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला, त्याच्या भोवती लहानमोठ्या कंपन्या उठल्या, आणि घाट उतरून पोरं शिफ्टला जाऊ लागली. १९४८ च्या कारखाना कायद्याने दिवसाचे नऊ तास आणि आठवड्याचे अठ्ठेचाळीस ही मर्यादा घातली होती. त्यावर काम केलं की दुप्पट दराने मजुरी. पोरं त्याला ओटी म्हणत. "या महिन्यात ओटी चांगली बसली," असं कुणी म्हटलं की त्याच्या घरी नवा पंखा नाहीतर बहिणीच्या लग्नाची तयारी दिसायची. त्या पोरांना आपला तास केवढ्याला जातो हे पैशापर्यंत माहीत होतं. सालगड्याला माहीत नव्हतं, मास्तरला विचारायची गरज नव्हती, कामगाराला मात्र माहीत होतं. मला वाटतं, पगाराच्या बाबतीत आमच्या गावातली सर्वात डोळस पिढी तीच.

आता भाच्याचा तीस लाखांचा कागद उलगडू. दिवाळीला तो आला होता, तेव्हा मागच्या अंगणात बसून आम्ही दोघांनी मांडला. आकडे २०२५-२६ च्या नव्या करपद्धतीचे आहेत.

एकूण ३०,००,०००. मूळ वेतन त्याच्या निम्मं, १५,००,०००. मालकाने भरायचा भविष्य निर्वाह निधी १२ टक्के, म्हणजे १,८०,०००, तोही या तीसमध्येच धरलेला. ग्रॅच्युइटीसाठी बाजूला टाकलेले मूळ वेतनाचे ४.८१ टक्के, ७२,१५०, तेही त्यातच. ती रक्कम साधारणपणे पाच वर्षं टिकला तरच मिळायची. हे दोन्ही वजा जाता उरले २७,४७,८५०. त्यातले तीन लाख 'व्हेरिएबल'. कंपनीचं वर्ष बरं गेलं आणि साहेबाचं मन प्रसन्न असलं तर वर्षातून एकदा मिळणारे.

मग कर. ७५,००० ची प्रमाणित वजावट काढली की करपात्र रक्कम २६,७२,८५०. पहिले चार लाख मोकळे. पुढे दर चार लाखांना पायरी चढते: ५, १०, १५, २०, २५ टक्के. चोवीस लाखांपर्यंतच्या या पाच पायऱ्यांचा कर बरोबर तीन लाख होतो. चोवीसच्या वर ३० टक्के, त्याचे ८१,८५५. दोन्ही मिळून ३,८१,८५५, त्यावर ४ टक्के उपकर, आणि अखेरचा आकडा सुमारे ३,९७,१२९. शिवाय त्याच्या स्वतःच्या वाट्याचा भविष्य निर्वाह निधी १,८०,००० आणि ते व्यवसाय कराचे २,५००.

सगळं जाऊन हातात २१,६८,२२१. तेही व्हेरिएबल पुरतं मिळालं तर. तीसला बाराने भागून लोक महिना अडीच लाख धरतात. व्हेरिएबल वगळून दरमहा खात्यात येतात साधारण एक लाख साडेपंचावन्न हजार. मधल्या फरकातलं सगळंच बुडालं असं नाही. भविष्य निर्वाह निधीचे वर्षाला तीन लाख साठ हजार त्याचेच आहेत, म्हातारपणी कामाला येतील. पण हिंजवडीचा घरमालक भाडं म्हातारपणी घेत नाही.

आता तास. वर्षातून शनिवार-रविवार, सणाच्या दहा सुट्ट्या आणि वीस रजा काढल्या तर कामाचे दिवस २३१ उरतात. रोजचे नऊ तास धरले तर २,०७९ तास. तीस लाखांना भागलं की तासाला १,४४३ रुपये येतात. हातातल्या रकमेला भागलं की १,०४३. आणि वाहतुकीतले दोन तास व रात्री जेवण झाल्यावर अमेरिकेशी बोलण्यातला एक तास खरेपणाने मांडला, तर दिवस बारा तासांचा होतो आणि तास ७८२ रुपयांवर येतो. १,४४३ ला निघालेला तास घरी पोचेपर्यंत जवळपास निम्मा झाला. तरी हा आकडा लहान नाही, हेही लगेच सांगतो. रोजगार हमीवर महाराष्ट्रात २०२५-२६ चा दर दिवसाला ३१२ रुपये होता. भाच्याचा हा सर्वात बारीक तासही तिथल्या अडीच दिवसांच्या बरोबरीचा आहे. म्हणून त्याची कीव करायला मी बसलेलो नाही.

मला थांबवलं ते पुढच्या हिशेबाने. त्याला बढती मिळणार होती. पॅकेज एक लाखाने वाढणार, काम रोज तासाभराने. "घेऊन टाक," असं मी म्हणालोही असतो. पण वरच्या टप्प्यातल्या लाखाचं काय होतं ते पाहा. निम्मा मूळ वेतनात गेला की मालकाच्या निधीचे ६,००० आणि ग्रॅच्युइटीचे २,४०५ आधीच बाजूला पडतात. उरलेल्या ९१,५९५ वर उपकरासह ३१.२ टक्क्यांनी कर सुमारे २८,५७८. स्वतःच्या निधीचे आणखी ६,०००. हातात राहतात ५७,०१७. रोजच्या एका जादा तासाचे वर्षाला २३१ तास होतात. म्हणजे त्या तासाला मिळाले २४७ रुपये.

वाळूजच्या कामगाराचा दहावा तास दुप्पट दराने विकला जायचा. तीस लाखवाल्या अभियंत्याचा दहावा तास पाव किमतीला जातो. चाळीस वर्षांत आम्ही कुठून कुठे आलो, हे मला या एका तुलनेत जेवढं दिसलं तेवढं दुसऱ्या कशात दिसलं नाही. कामगाराला ओटी नको म्हणता येत होती, कारण ती वेगळी लिहिलेली होती. भाच्याचा जादा तास कुठेच लिहिलेला नाही. तो पॅकेजमध्ये मुरलेला आहे, सालगड्याच्या धारांसारखा.

यावर 'पूर्वी असं नव्हतं' म्हणायचा मोह होतो. पण आम्ही ज्या गावात राहतो त्या गावातल्या कबरी तसं म्हणू देत नाहीत. औरंगजेब इथे शेख जैनुद्दिनांच्या दर्ग्याच्या आवारात आहे, १७०७ पासून. त्याच्या कारभारात मनसबदाराचा पगार वर्षाचा ठरे, आणि तो दामांत सांगत. चाळीस दामांचा एक रुपया, म्हणजे आकडा आपोआप भव्य. तेवढ्या 'जमा'ची गावं कागदावर जहागीर म्हणून मिळायची. प्रत्यक्षात वसूल होणाऱ्या रकमेला 'हासिल' म्हणत, आणि ती कितीतरी कमी भरे. दख्खनेत तर विचारूच नका. इतकी तफावत पडली की बारा महिन्यांच्या पगाराची जहागीर सहा महिन्यांएवढंच देते की चारच, यावरून तिला सहामाही, चारमाही अशा श्रेणी लावाव्या लागल्या. वर बादशाही जनावरांच्या चाऱ्याची कपात, आणि दख्खनी सरदारांना वेगळी चौथाईची कात्री. आजच्या कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला हा कारभार अगदी घरचा वाटला असता. त्याच बादशहाबद्दल गावातले वाटाडे पिढ्यान्पिढ्या एक हिशेब सांगतात. त्याच्या नावावरच्या मृत्युपत्रातही तो आहे. टोप्या शिवून मिळवलेले चार रुपये दोन आणे कफनाला खर्चावेत आणि कुराणाच्या नकला करून मिळवलेले तीनशे पाच रुपये फकिरांना वाटावेत. साऱ्या हिंदुस्थानच्या महसुलाचा धनी, पण शेवटी स्वतःचे म्हणून त्याने मोजले ते हाताने केलेल्या कामाचे.

इथेच मलिक अंबरची कबर आहे. त्याने खडकी वसवली १६१० मध्ये, आणि सारा ठरवला तो प्रत्यक्ष उभ्या पिकावर, अशी त्याची ख्याती. आणि घाटाखाली दौलताबादेत जनार्दनस्वामींच्या दप्तरात बसून एकनाथांनी रात्र जागवून एका पैची चूक शोधली, ही कथा आमच्याकडे पोरासोरांना माहीत आहे. पुढे शूलिभंजनच्या डोंगरावर त्यांनी तप केलं, पण आधी हिशेब पुरा केला. एवढ्या शेजारावर वाढलेल्या माणसाने कागदावरच्या जमेला भुलू नये.

अलीकडे कायद्यानेही थोडं सरळ केलं आहे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या कामगार संहितांनुसार भत्त्यांच्या नावाखाली पगाराचा मोठा भाग दडवता येत नाही. एकूण मोबदल्याचा निम्मा तरी वेतन म्हणून धरावा लागतो. कागद त्यामुळे थोडा खरा होईल. जादा तास मात्र ज्याचा त्यालाच मोजावा लागणार.

या मार्गशीर्षात भाच्याला स्थळ आलं. कन्नडकडची मंडळी. मुलीच्या वडिलांनी पॅकेज विचारलं, काकांनी कंपनीचं नाव विचारलं, मामांनी हिंजवडीत फ्लॅट घेणार का ते विचारलं. सगळ्यांचं झाल्यावर कोपऱ्यात बसलेली मुलीची आजी म्हणाली, "पोराच्या हातात किती पडतात? अन् घरी किती वाजता येतो?" तिच्या माहेरी सालगडी होते, नवरा वाळूजला शिफ्ट करत होता. भाच्याने पहिल्या प्रश्नाला एक लाख पंचावन्न सांगितले, एकही हजार न वाढवता. दुसऱ्याला म्हणाला, "आजी, सध्या नऊ वाजतात. वाढीव पगाराचं पत्र आलंय, ते घेतलं तर दहा वाजतील." आजीने विचारलं, त्या एका तासाचे किती देतात? त्याने सांगितलं, दोनशे सत्तेचाळीस. "मग ठेव त्यांनाच," आजी म्हणाली, आणि लग्न ठरलं.